उकंडाभाऊंचे शॉकअप

उकंडाभाऊ नसते तर मी आज असा ताठ उभा राहून चहा प्यायलो नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून मी कृतघ्न आहे असं कुणाला वाटायला नको. मला तेवढीच धास्ती आहे.

वाशीमकडच्या केनवडला भाऊंचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. माणूस साठीचा. वहिनी गेल्यापासून एकटा. त्यांची नमस्काराची रीत वेगळी. कुणी गाडी लावली की ते आधी सीटवर दोन्ही तळहात ठेवून गाडी खाली दाबतात, सोडतात, मान तिरपी करून धक्के झेलणारे शॉकअप तिला वर कसे आणतात ते बघतात आणि मग माणसाकडे वळतात. मयतीला गेले तरी तिरडी बांधून होईपर्यंत अंगणातल्या सगळ्या गाड्या दाबून झालेल्या असतात. एकदा त्यांनी स्टँडवरची काळीपिवळी जीप दाबून पाहिली. जीप हलली नाही.

"शॉकअप मेले हाये हिचे," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"म्हाईत हाये, भाऊ. बसा. चौदावे तुमीच."

मी लांज्याकडचा. आठवीतून शाळा सोडली, वेल्डिंग शिकलो आणि पुलाच्या कामावर इकडे आलो. पूल झाला, ठेकेदार गेला, मी उरलो. भाऊंनी गॅरेजमागची खोली दिली आणि कामाला घेतलं. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यांवर हात ठेवून त्यांनी मलाही दाबून पाहिलं. "ढिला हायेस कोकन्या. पन दुरुस्त होशीन."

इथे दरसाल बैलांच्या शर्यतीचा पट भरतो. सरळ मैदान, दोन बैल आणि घड्याळ. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात मोटारसायकली सोडतात. जवळच्या शिरपूरच्या एका बागायतदाराचा मुलगा सलग तीन वर्षं पहिला येतो आणि भाऊ सलग तीन वर्षं दुसरे. हो, गाडी ते स्वतः पळवतात, पायजम्याला रबर बांधून.

"पोट्टे नुसते इंजिन-इंजिन करून राह्यले," ते सांगायचे. "अबे, शर्यत सुटतानीच संपते." शॉकअप कडक असले की मागचं चाक जागच्या जागी माती उडवतं. फार मऊ असले की पुढचं चाक आभाळ बघतं. "बैल पाह्य. सुटाच्या आंधी मांग बसते, पन उठतानी उसळी नाही घेत. शॉकअप तसे पायजे. पटकन बसनारे, सावकाश उठनारे."

असे शॉकअप निवडण्यात वर्ष गेलं. भंगारातून सतरा जोड आले. प्रत्येकाला नाव पडलं. कितीही दाबा, हलत नाही तो तलाठी. एकदा बसला की उठत नाही तो सरपंच. जरा धक्का लागला की उसळतो तो जावई. परीक्षा माझ्यावर. मागे बसायचं, हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला धरायचा, आणि भाऊ एकदम गाडी सोडायचे. चहा किती सांडला त्यावर निकाल. सतरा जोडांत माझे चार शर्ट गेले. नंतर आणलेल्या अठराव्या जोडाला, तेल बदलून आणि स्प्रिंग कापून झाल्यावर, चहा सांडला नाही. भाऊ बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले. त्या जोडाला त्यांनी नाव ठेवलं नाही.

यंदा ते जिंकणार हे शिरपूरकरसुद्धा दबक्या आवाजात बोलू लागले. आणि शर्यतीच्या आठवडाभर आधी माझं अपेंडिक्स फुगलं. वाशीमला ऑपरेशन झालं. सुटी मिळाली ती नेमकी शर्यतीच्या सकाळी. मी फोन केला, "भाऊ, तुम्ही मैदानात जा. मी काळीपिवळीनं येतो."

"ते मेलेली हाये. म्या दाबून पायली," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दहाला शर्यत. दहाला भाऊ दवाखान्याच्या फाटकाशी उभे, शर्यतीचीच गाडी घेऊन. सीटवर वाकळ बांधलेली. टपरीवरून त्यांनी चहा घेतला, टपरीवाल्याला बोलण्यात गुंडाळून त्याचा पेलाही घेतला आणि माझ्या हातात दिला. "धरून बस. सांडला तं सांग."

वाशीमपासून दर खड्ड्याला एकच प्रश्न. "सांडला?"

"नाही, भाऊ."

"शर्यत तर गेली ना, भाऊ?" अर्ध्या वाटेत मी घाबरत विचारलं.

ते पुढे बघतच म्हणाले, "तुह्या वहिनीले याच रस्त्यानं आनलं होतं. पोटाचं आपरेशन झालतं. गाडीले पटाचे कडक शॉकअप. त्यापायी नाही गेली ते, मांगून गेली. पन घरापर्यंत दात चावून बसली होती, अन् म्या तिले पटाच्या टायमाच्या गोष्टी सांगून राह्यलो होतो." पुढे खड्डा आला. "सांडला?"

"नाही, भाऊ."

केनवडला पोचलो तेव्हा चहा गार होऊन वर साय धरली होती, पण पेला भरलेला होता. मी तो दारात उभा राहून प्यायलो. भाऊंनी रिकामा पेला घेतला, आत डोकावून पाहिलं आणि हात धुवायला गेले. शिरपूरचा मुलगा चौथ्यांदा जिंकल्याचं संध्याकाळी कळलं. भाऊ म्हणाले, "त्याची गाडी सुटतानी वाकडी होते. सांगा लागन त्याले."

भाऊंनाही कधीतरी कुणी दवाखान्यातून घरी आणावं लागेल. तो दिवस उशिरा येवो. पण त्या दिवशी गाडी मी चालवणार. ते मागे, वाकळीवर, हातात काठोकाठ भरलेला पेला. आणि विचारणार मी.