दोघांना सांभाळणारं कार्ड

उर्वशीच्या कंपनीचा हुकूम आला की सोमवारपासून नकाशाचं काम दोन स्क्रीनवर करायचं. ज्याच्या घरी दोन स्क्रीन चालणार नाहीत, त्यानं हैदराबादच्या ऑफिसात यावं. उर्वशीनं जेवताना हे सांगितलं आणि गुलाबभाऊंचा घास हातातच राहिला.

गुलाबभाऊ रामटेके एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बायको गिरजाबाई वारल्या तेव्हा मुलगी उर्वशी सावली गावी आली आणि घरूनच काम करायचं म्हणून राहिली. ती गेली तर घरात बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

"मंग आण ना दुसरा स्क्रीन," ते म्हणाले.

"आणला जी बाबा, खोक्यात आहे. पण आपल्या कॉम्प्युटरले एकच जोडता येते. ग्राफिक्स कार्ड लागते. मले दिवसभर मीटिंगा आहेत, तुमीच जाऊन या. स्वस्तातलं पाहा. जुन्याले जुळलं पायजे. जास्त पॉवर खाणारं नको, आवाज करणारं नको. सेकंडहँड असलं तरी चालते. पण दोन मॉनिटर सांभाळलं पायजे."

गुलाबभाऊंनी हे सगळं पाठ केलं. बाजारचौकात एकच पाटी त्यांच्या ओळखीची होती, 'मोनाली ग्राफिक्स'. ग्राफिक्स कार्ड ग्राफिक्सच्या दुकानात मिळणार, यात त्यांना काही शंका वाटली नाही. 'पॉवर' आणि 'मॉनिटर' हे दोन शब्द मात्र वाटेत कुठेतरी गळून पडले.

प्रफुल तिथे लग्नाची कार्डं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचा. तालुक्यातलं प्रत्येक लग्न त्याच्या हाताखालून जायचं, म्हणून दोन-चार सोयरिकीही त्यानं जुळवल्या होत्या.

"कार्ड पायजे होतं," गुलाबभाऊ म्हणाले.

"कोणाचं लगन आहे, भाऊ?"

"लगन कायचं? आधी जुळलं तं पायजे!"

प्रफुलनं माऊस बाजूला ठेवला. असल्या गोष्टी माणूस सरळ बोलत नाही, हे तो जाणून होता.

"कोणासाठी पाहून राह्यले?"

"घरासाठीच. नवंच पायजे असं नाई. सेकंडहँड असलं तरी चालते."

"उर्वशीले मालूम आहे?"

"तिनंच तं पाठवलं! नाई तं मी कायले आलो असतो?"

प्रफुलनं खुर्ची पुढे ओढली. अशी पोरगी नशिबानं मिळते.

"कसं पायजे?"

"जास्त खाणारं नको. आवाज करणारं नको. अन् एकट्यानं दोघांले सांभाळलं पायजे."

"आरमोरीचं आहे एक," प्रफुल विचार करून म्हणाला. "चांगल्या घरातलं. दहा वर्षांपासून एकटंच आहे."

"नुसतं पडून आहे? मंग बिघडलं असन."

"नाई जी! टणटणीत आहे."

"गरम होते काय?"

"भाऊ गरम आहे जरासा. ते सोता एकदम थंड."

भावाचा काय संबंध ते गुलाबभाऊंना कळलं नाही. दुकानदाराच्या बोलण्यात असं काहीबाही असतंच. "रविवारी घरी घेऊन ये," ते म्हणाले. "उर्वशीच पाहून घेईन."

रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. प्रफुल उतरला. मागून इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आणि हातात पिशवी घेतलेली एक पन्नाशीची बाई उतरली. "हे वामनराव, अन् ह्या त्यायच्या बहीण, सुगंधाबाई. आरमोरीले अंगणवाडीत आहेत," प्रफुलनं सांगितलं. जयभीम झाला. एका कार्डासोबत तीन माणसं कशाला, असा प्रश्न गुलाबभाऊंना पडला, पण वस्तू नाजूक असेल, असं त्यांनी धरलं.

"आणलं काय?"

"आणलं जी," प्रफुल खुशीत म्हणाला.

"पिशवीत आहे?"

"पिशवीत लाखोळीची डाळ आहे," सुगंधाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात गळ्यात हेडफोन अडकवून उर्वशी बाहेर आली. "आलं का? मी आधी बसवून पाहतो. नाई जुळलं तं दोन दिवसांत वापस घ्याल ना?"

वामनराव ताडकन उठले. "वापस? दोन दिवसांत वापस? बहीण आहे माही, का बाजारातली भाजी आहे?"

"तुमची बहीण कुठी आली मधात?" गुलाबभाऊ म्हणाले. "मी तं कार्ड मांगतलं!"

उर्वशीला आधी उलगडलं. तिनं मोबाईलवर कॉम्प्युटरच्या कार्डाचा फोटो उघडून सगळ्यांसमोर धरला. मग सुगंधाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं बाप्पा!" त्या म्हणाल्या. "दादाची भुणभुण थांबावी म्हणून आली होती मी. मले बी नाई करायचं लगन."

वामनराव प्रफुलकडे वळले. प्रफुलचं लक्ष नव्हतं. तो फोटो जवळ धरून पाहत होता.

"हे? हे तं माह्यापाशी आहे! नवा कॉम्प्युटर घेतला तवा जुन्यातून काढून ठेवलं."

"मंग त्या दिवशी काऊन नाई देल्लं?"

"तुमी सांगतलं कुठी कॉम्प्युटरचं, भाऊ!"

गाडी पुन्हा बाजारचौकात जाऊन आली. तेवढ्या वेळात सुगंधाबाईंनी चहा केला, कारण बाकी कुणाला ते सुचलं नव्हतं. कार्ड बसलं. दोन्ही स्क्रीन लागले आणि माऊसचा बाण एकातून दुसऱ्यात गेला. वामनरावांना हे इतकं आवडलं की त्यांनी बाण स्वतः चार वेळा नेला-आणला आणि राग विसरून गाडीत जाऊन बसले.

उर्वशी राहिली. सोमवारी नऊला तिनं हेडफोन लावले आणि दोन स्क्रीनच्या मागे ती दिसेनाशी झाली. एक स्क्रीन होता तेव्हा निदान कान आणि वेणी दिसायची. दुपारी गुलाबभाऊंनी जेवायला दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून तिला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमंदी आहो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यांनी एकट्यानं जेवण केलं, ताट धुतलं आणि ओट्यावर येऊन बसले. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी सुगंधाबाई, आरमोरीहून. प्रफुलपासून नंबर घेतला. पोरगी राह्यली काय जी?"

"राह्यली."

"बरं झालं. कामात असान तं ठेवतो."

गुलाबभाऊंनी मान वळवून आत पाहिलं. दोन्ही स्क्रीन झकास चालले होते.

"नाई, नाई," ते म्हणाले. "बोला ना. पोरगी घरीच आहे, म्हणून मी मोकळाच आहो."