गेनूतात्यांची फेरचौकशी

आमच्या घरातल्या लोखंडी खुर्च्या बाहेर निघाल्या, की आळीला कळायचं, गेनूतात्यांकडे कुणीतरी यायचंय. तात्यांच्या स्वतःच्या खोलीत बसायला एक घोंगडी आणि प्यायला एक तांब्या. पण पाहुणा यायचा म्हटलं की माणूस भिंगरीसारखा फिरायचा. आमच्या खुर्च्या, शेजारच्या मास्तरांचा टेबलफॅन, सरूकाकूंच्या फुलाफुलांच्या कपबश्या, सगळं बघता बघता त्यांच्या खोलीत हजर. नको म्हणायची सोयच नव्हती. "आल्या मानसाची अब्रू ऱ्हायली पायजे," असं म्हणेपर्यंत त्यांनी खुर्ची उचललेली असायची.

आमचं गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मधलं. तात्यांची उमेदीची सगळी वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नाच्या मांडवांत गेली. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यायचं, पानसुपारी फिरवायची, रुसलेल्या व्याह्याला हाताला धरून पंगतीत बसवायचं. पुढे गुडघे गेले, तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या, मूलबाळ नव्हतंच. मग सरकारच्या निराधार योजनेचे पैसे सुरू झाले. आमच्याकडे त्याला पगार म्हणतात. त्या पगारावर तात्यांची चूल पेटायची.

एकदा हा पगार चालू ठेवायचा की नाही ते बघायला सर्कलसाहेब, म्हणजे तलाठ्याच्या वरचे अधिकारी, चौकशीला आले. थोडक्यात, गरिबी तपासायला. अशा वेळी शहाणा माणूस असेल ती चटईही लपवतो. तात्यांनी खोलीचा जानवसा केला. साहेबांना पंख्यासमोर बसवलं, कपबशीतून चहा दिला, वर तूप सोडलेला शिरा. साहेब पोटभर खाऊन गेले आणि जे दिसलं ते इमानदारीने लिहून मोकळे झाले. घरात खुर्च्या, पंखा, अर्जदाराची परिस्थिती बरी. पगार बंद.

मी अपील लिहून दिलं आणि सुनावणीला तात्यांना घेऊन तालुक्याला निघालो. एसटीत त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, खुर्च्या उसन्या होत्या एवढंच बोला. पण तात्यांची नुसती चुळबूळ.

"आनि त्ये सर्कलसायेब तितंच असले तर? मागून आनलेल्या खुर्चीवर बसवलं व्हतं, आसं त्यांच्या तोंडावर सांगू? त्यास्नी काय वाटंल?"

"तुमचा पगार गेलाय, तात्या."

"पगार गेला. अब्रू हाय न्हवं?"

तहसीलदारांसमोर तात्या खरंच मुके झाले. शेवटी मीच बोललो. खुर्च्या माझ्या, पंखा मास्तरांचा, शिऱ्यातली साखरसुद्धा आमची. तहसीलदार हसू दाबत म्हणाले, "फेरचौकशी लावतो."

लावतो म्हणाले, पण त्यातही महिने गेले. तात्यांची चूल एकवेळची झाली, सदरा अंगावर ढगळ दिसायला लागला. कुणी ताट पुढे केलं तर "आत्ताच जेवलो" हे ठरलेलं. फेरचौकशीत पुन्हा शिरा झाला, तर हा माणूस उपाशी मरणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी आळीभर फिरून दम भरला, तात्यांना या खेपेला चमचासुद्धा द्यायचा नाही.

फेरचौकशीच्या दिवशी तात्या सकाळपासून दारोदार. माझ्या खुर्च्यांचे पाय निखळले होते, मास्तरांचा पंखा जळला होता, सरूकाकूंनी तर कपबश्या थेट माहेरी पाठवल्या होत्या. तात्या चौकापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत येऊन उंबरा झाडायचे, की पुन्हा चौकात.

"आरं, सायबाला भुईवर बसवू व्हय?" ते माझ्या दारात येऊन म्हणाले. मला त्यांचा राग आला, कीवही आली, पण मी खुर्ची दिली नाही.

सर्कलसाहेब आले. तात्यांनी घोंगडीची चौघडी घातली, तांब्या पुढे केला आणि मान खाली घालून बसले. साहेबांनी कागद काढून छापील प्रश्न सुरू केले. घरात कोण कोण असतं? स्वयंपाक कोण करतं? आजारी पडलात तर कोण बघतं?

तात्यांनी मान वर केली. मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. काकूंच्या भाकरीला पापुद्रा कसा सुटायचा आणि यांची भाकरी तव्यालाच कशी चिकटते. थंडीत छाती भरली तेव्हा काकूंचं लुगडं पांघरून कसे नुसते पडून राहिले. साहेबांचं पेन केव्हाच थांबलं होतं, पण ते उठले नाहीत. मी दारात उभा होतो. आमची आणि तात्यांची भिंत एक, आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पगार पुन्हा सुरू झाल्याचं पत्र आलं. मी पळतच जाऊन वाचून दाखवलं. तात्यांनी पत्राला हात जोडले, खूश झाले, आणि मग त्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या घालायला लागले.

"मंजी आता चवकशी न्हाय?"

"नाही तात्या. मिटलं सगळं."

ते दारापाशी थांबले. रस्त्याकडे बघत म्हणाले,

"त्यास्नी वर्साकाठी येकदा पगार बंद कराय सांगता येतंय का? लई दिस न्हाय. सायेब येऊन बसून जाईपत्तोर."