परत आल्यावर काय?

आमच्या वारज्याच्या सोसायटीतलं कुणाचं पोर परदेशी डॉक्टरकीला निघालं, की साठेकाका न बोलावता हजर. पेढा घेतात, पण खात नाहीत. हातात धरून विचारतात, "ते सगळं ठीक. परत आल्यावर काय?"

मग उलटतपासणी. "शिकवणार इंग्रजीतून की तिथल्या भाषेत? तिथं परवाना मिळेल? इथले नियम वाचलेत, की एजंट म्हणेल ती पूर्व दिशा?" घरातल्यांचे चेहरे उतरतात. पेढा टेबलावर ठेवून काका निघतात. बी-विंगमधल्या कुलकर्ण्यांनी एकदा दारच उघडलं नाही, तर यांनी जिन्यात उभं राहून सगळे प्रश्न विचारले. खणखणीत आवाजात!

माझ्या ऋताचं ठरलं तेव्हा मी पेढे गुपचूप वाटले. तरी आलेच. माझं डोकंच फिरलं. "काका, लोकांची मुलं शिकली तर तुमच्या पोटात का दुखतं हो?"

काका चिडले नाहीत. "मुग्धाच्या वेळी मीही चौकशी केली होती," म्हणाले. "एजंटाला अगदी पिळून काढला. मेस शाकाहारी आहे ना? वरण-भात रोज मिळेल ना? तो म्हणाला, आचारी मराठी आहे. म्हटलं, झालं, आता काळजी नाही! जेवण खरंच चोख होतं. शेवटची वर्षं मात्र तिथल्या भाषेत शिकवली. इथं तिला परवान्याच्या परीक्षेलाच बसू देत नाहीत."

मुग्धा त्यांची एकुलती एक. खराडीला एका कंपनीत विम्याचे कागद तपासते, इतर डॉक्टरांनी सही केलेले. मी समजत होते, हौसेनं करते. कमाल आहे माझी!

ऋताची फी भरायची थांबवली आणि दुसऱ्या दिवशी नियम समजून घ्यायला काकांकडे गेले. दार उघडंच होतं. मुग्धा नुकतीच कामावरून आली होती आणि काका बाही वर सारून तिच्यासमोर बसले होते.

"बाबा, खाली दवाखाना आहे, तिथं जा ना. मला औषध लिहून देता येत नाही. किती वेळा सांगू?"

"लिहू नकोस गं. नुसतं बघ."

खांद्यावरची पर्सही न उतरवता तिनं त्यांची नाडी धरली.

"काय म्हणतायत आमच्या डॉक्टर?" काकांनी विचारलं.

मुग्धा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजत राहिली. मोजून झाले तरी हात सोडला नाही.