कोणी कोणाकडे बघत नाही

मुलुंड पूर्वेच्या 'सागरदर्शन' सोसायटीतून सागराचं दर्शन होत नाही. गच्चीवरून फार तर मिठागरं दिसतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले नंदकुमार टिपणीस हे तिथले जुने सभासद. ते पोर्तुगालला मुलीकडे राहून परतले आणि त्यांनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलवायला लावली.

"तिथे किनाऱ्यावर लोक जवळजवळ काही न घालता पडलेले असतात," ते म्हणाले. सोसायटीच्या सभेत पहिल्यांदाच शांतता पसरली. "पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की कोणी कोणाकडे बघत नाही! याला म्हणतात बीच संस्कृती!"

"मग तुम्हाला कसं दिसलं हो?" मागून त्यांच्याच पत्नीने, सुनंदाताईंनी विचारलं.

"मी निरीक्षण करत होतो. बघणं वेगळं!"

ठराव मंजूर झाला. दर रविवारी सकाळी सभासदांनी हाफ चड्डी व बनियन या किमान पोशाखात गच्चीवर चटई टाकून ऊन घ्यावे. कोणीही कोणाकडे बघू नये.

पहिल्या रविवारी गच्ची झकास भरली आणि सगळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. म्हणून सेक्रेटरी शरच्चंद्र वैद्य यांनी 'न-बघणे दक्षता समिती' नेमली. पाण्याच्या टाकीवर उभं राहून कोण कोणाकडे बघतंय ते बघणं, हे तिचं काम. समितीत यायला इतके लोक उत्सुक होते, की ऊन घ्यायला माणसं कमी पडू लागली.

पहिली नोटीस मिळाली गच्चीवर सांडगे वाळत घालणाऱ्या जानकी परब यांना.

"अरे मेल्यांनो, माझ्या सांडग्यांवर कावळे बसतत! वर बघूक नको?" त्या कडाडल्या.

विचारांती त्यांना फक्त कावळ्यांकडे बघण्याची परवानगी देण्यात आली. कावळा उडाल्यावर नजर परत आणण्याची जबाबदारी त्यांची.

पुढे समितीच जास्त बघते, अशी तक्रार आली. मग समितीवर लक्ष ठेवायला सगळी गच्ची टिपणारा कॅमेरा बसला आणि कारभार पारदर्शक असावा म्हणून त्याचं चित्र प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर दिलं गेलं.

पुढच्या रविवारी गच्चीवर नंदकुमार एकटेच होते. त्यांना भरून आलं. चला, लोक सुधारले! डोळे मिटून ते सैलावले, बनियन वर सरकवून त्यांनी पोटाला ऊन दिलं. तेवढ्यात सुनंदाताईंचा फोन आला.

"अहो, पोट आत घ्या."

"तू कुठून बघतेयस?"

"मी एकटी नाही. अख्खी सोसायटी बघतेय. बी विंगवाले तर चहा घेऊन बसलेत. आणि ती कसली चड्डी घातलीय तुम्ही? वाट लावलीत ना!"

नंदकुमार चटई गुंडाळून जिन्याने खाली आले. वाटेतल्या प्रत्येक दारामागून हसू ऐकू येत होतं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळा उपक्रम बंद करण्याचा ठराव मांडला.

सभासदांची गैरसोय होईल, या कारणास्तव ठराव एकमताने फेटाळण्यात आला. ऊन घेण्याची जबाबदारी मात्र नंदकुमारांकडे कायम ठेवण्यात आली. ते अजूनही दर रविवारी पडतात, पोट आत घेऊन.

त्या चड्डीचा रंग इथे मुद्दामच दिलेला नाही. ज्यांना तो जाणून घ्यावासा वाटला, त्यांनी दक्षता समितीवर आपली नेमणूक झाली आहे असे समजून रविवारी टाकीवर हजर राहावे.