तायडेकाकांची ठिणगी

२ मार्च, रविवार, सकाळी दहा. वलगाव रोडवरच्या आमच्या कॉलनीची बैठक. हजर: मी, म्हणजे सचिव, अध्यक्ष देशमुख, बोबडेबाई, आणि दोन हातांत दोन गंजके लोखंडी गोळे घेतलेले तायडेकाका.

काकांना गंज वाया गेलेला खपत नाही. माझं फाटक घासणाऱ्या रंगाऱ्यावर ते एकदा धावून गेले होते. "काऊन फेकून रायला बे? मले दे!" सगळा गंज डबीत भरून घरी नेला. जन्मभर अकोला-बडनेरा मार्गावर त्यांनी रूळ जोडले. "गंज म्हंजे लोखंडानं धरून ठेवलेला ऑक्सिजन, ताई. अल्युमिनियम आलं का तो हिसकून घेते. मंग असा जाळ होते, का लोखंडाचं पानी! वतलं फटीत का रूळ एकजीव." देशमुखांच्या जावयाला भर मांडवात त्यांनी बजावलं होतं, "तू गंज, थे पोरगी अल्युमिनियम. सांबाळून राय."

बैठकीत विषय एकच. काकू गेल्यापासून काका एकटे. पुण्याहून त्यांच्या मुलाचा, अनिलचा मला फोन आला होता: "बाबांना एकट्यानं जमतंय का, ते बघून सांगा ताई. नसेल जमत तर घेऊनच जातो."

काकांना जायचं नव्हतं. "बाराव्या मजल्यावर मी कोनाशी बोलू? लिफ्टशी? हात पक्का हाय का नाई, थे पायजा!"

एका गोळ्याला त्यांनी पोळ्या गुंडाळायची फॉइल लावली आणि दुसरा गोळा त्यावर तिरपा हाणला.

फाट्!

डोळे दिपवणारी ठिणगी. ना गॅस, ना काडी. देशमुख खुर्चीसकट मागे सरकले, बोबडेबाई किंचाळल्या, माझ्या हातातून पेन उडालं.

"काका, जीव घेता का आमचा!" देशमुख ओरडले.

काका हसले नाहीत. मान गोळ्यांकडेच वाकवलेली, डोळे सताड उघडे.

"आवाज तं झाला," ते हळूच म्हणाले. "ठिनगी निंगाली का, ताई?"

त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर निघाली होती.

"निघाली, काका."

"पांढरी?"

"पांढरीशुभ्र."

"मंग लिवा वहीत. एकट्यानं जमते."

मी लिहिलं नाही. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवारी त्यांच्या जिन्याला कठडा बसवून घेतला. आज शुक्रवार. यादीत 'अनिलला फोन करणे' एवढंच राहिलं आहे.