कार्ड बसवल्यावर दिसून आलेला फरक

घरात काही मंद चालू लागलं की शहाणा माणूस स्वतःला सोडून बाकी सगळ्यांची चौकशी लावतो. आमच्या थोरल्याचं वागणं या नियमाला तंतोतंत धरून आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. जेवायला हाक मारली की त्याचं 'आलो' लगेच येतं, तो स्वतः ताट निवल्यावर येतो. आंघोळीला गेला की पाणी कंटाळून थंड होतं. पण घरात मंद कोण, तर टेबलावरचा कॉम्प्युटर.

सदरहू कॉम्प्युटर (आमच्या ह्यांचा जन्म कचेरीत गेला, त्यामुळे 'सदरहू' आमच्याकडे मिठासारखा वापरतात; मी दुसरीपुढे शाळा पाहिली नाही, पण सदरहू कुठे घालायचा ते मला कुणी शिकवू नये) दुकानातला सगळ्यात स्वस्त म्हणून आणला होता. दुकानदार त्याला स्वस्त म्हणाला नाही, 'बजेट' म्हणाला. स्वस्त वस्तूला बजेट म्हटलं की घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि वस्तूची मात्र तशीच वाकडी.

त्यावर काम करते त्याची बायको, म्हणजे माझी सून. फरशांवर वेली-पानं असतात ती कुणीतरी आधी काढलेली असतात, हे मला ती घरात आल्यावर कळलं. एका मोठ्या कारखान्याने तिच्याकडून नमुने मागवले होते. शनिवारी दुपारच्या आत पोचले तर वर्षभराचं काम तिचं. नाही पोचले तर पुन्हा ती फोन उचलायची नोकरी, जिथे दुसऱ्यांच्या चुकांसाठी दिवसभर हिला बोलणी बसायची. आणि इकडे नमुना मोठा करून बघायला गेलं की कॉम्प्युटर श्वास कोंडून बसायचा. देठ एकीकडे, पान दुसरीकडे. सून गप्प बसून वाट बघायची. ती गप्प बसली की मला धडकी भरते. बाई बोलणारी आहे.

तेव्हा थोरला मदतीला धावला. हे त्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. (त्याचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळही त्याच कॉम्प्युटरवर अडखळत होता, हा निव्वळ योगायोग.)

"मेमरी कमी पडतेय," तो म्हणाला. "मेमरी कमी झाली की मंद होतो."

"मग आधी तुझ्या वडिलांना दाखवून आण."

पेपरामागून हे म्हणाले, "काय?"

"काही नाही, तुमचंच चाललंय."

मेमरी म्हणजे एक पट्टी असते, दात पडलेल्या फणीसारखी. तिचा गुण असा, की कॉम्प्युटर बंद केला की ती सगळं विसरते. अशा वस्तूला मेमरी हे नाव देणारा कुणाचा तरी नवरा असणार. आतमध्ये एक जुनी पट्टी होती, तिच्या शेजारी नवी बसवायची. दुकानदाराने फोनवर सांगितलं, आणि थोरल्याने आम्हा सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं, की नवी कितीही चपळ असली तरी जुनीच्या शेजारी बसवली की ती जुनीच्याच चालीने चालते. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. जाळं झालं होतं.

पट्टी बसली. फरक पडला, पण लहान. लहान फरक हा मोठ्या खर्चाचा थोरला भाऊ असतो. थोरल्याने जाहीर केलं की मेमरी हे निमित्त होतं, खरी गरज ग्राफिक्स कार्डाची आहे, पडद्यावरचं चित्र तेच काढतं.

कार्ड म्हटल्यावर मला वाटलं, पाकिटातून येईल. ते खोक्यातून आलं. विटेएवढं धूड, त्याला स्वतःचे दोन पंखे. (त्या खोलीत माणसांना मिळून एक आहे, तोही कुरकुरतो.) कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना, म्हणून पेटीच्या आतला कप्पा पकडीने तोडला. तरी झाकण लागेना, म्हणून झाकण काढून माळ्यावर ठेवलं. कार्ड वीज फार खातं, म्हणून पेटीला वीज पुरवणारा डबा बदलला. नवा डबा खोलीतल्या प्लगवर टिकेना, म्हणून स्वयंपाकघरातून वायर ओढली. स्वयंपाकघरात दोघांचं भागेना, म्हणून घराची पुढीलप्रमाणे पुनर्रचना करण्यात आली: कार्ड चालू असताना मिक्सर बंद राहील. इस्त्री बंद राहील. पाणी तापवणं बंद राहील, आणि गार पाण्याने अंग धुतल्याबद्दल कुणीही उंच स्वर लावणार नाही. पेटी उघडी असल्यामुळे त्या खोलीत झाडू मारायचा तो श्वास रोखून. उघड्या पेटीत ऊब असते, हा शोध शेजारच्या मांजरीला आम्हा सगळ्यांच्या आधी लागला. तिला दर तासाला काढण्याचं काम ह्यांच्याकडे सोपवलं. निवृत्तीनंतर ह्यांना प्रथमच हुद्दा मिळाला.

मी चटणी खलबत्त्यात कुटू लागले. प्रगतीची किंमत कुणाच्या तरी मनगटाने मोजावीच लागते, आणि ते मनगट सहसा ठरलेलं असतं.

मग उद्घाटन झालं. पंखे घुमले, आत निळा दिवा लागला. थोरल्याने शर्यत लावली आणि मागे न बघता विचारलं, "दिसतोय ना फरक?"

दिसला. घरातल्या शंभर टक्के लोकांना दिसला. ह्यांना रंग 'भरल्यासारखे' वाटले. शेजारीण मांजर न्यायला आली होती, तिला एकशेदहा टक्के दिसला, कारण ती चष्मा घरी विसरली होती. लेकीला सासरी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आवाजावरूनच कळतंय. मलाही दिसला. (माझा फरक खरा होता, मी नुकताच कॉम्प्युटरचा पडदा पुसला होता.)

दुसऱ्या दिवशी सुनेने नमुना मोठा केला. देठ एकीकडे, पान दुसरीकडे.

"अजून अडकतंय रे," ती म्हणाली.

थोरल्याने वाकून पाहिलं, हनुवटी खाजवली आणि तज्ज्ञाचं मत दिलं. "तुझी फाइल जड आहे. पानं जरा कमी काढ."

सुनेने नमुना पुन्हा लहान केला. ती त्या आठवड्यात गप्पच होती.

शनिवारी सकाळी थोरला कामाला गेला. नमुने तयार होते, शेवटच्या वेलीची जोडणी तेवढी राहिली होती, आणि पडदा जागचा हलत नव्हता. मी दारातून विचारलं, "मिक्सर लावू का गं थोडा?"

"लावा, आई. मी बंदच करतेय."

हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मी मिक्सरला हात लावला नाही. खोलीत गेले तर बाई टेबलाखाली. प्लग काढायला वाकली होती, ती तशीच राहिली होती.

"आई, जरा इकडे वाका."

माझे गुडघे कुणाच्या सांगण्यावरून वाकत नाहीत, पण वाकले. पेटीच्या पाठीमागे पडद्याची वायर वरच्या भोकात होती. ते पेटीचं मूळचं भोक. खाली नव्या कार्डाचं भोक होतं, आणि त्यावर रबरी टोपण जसं आलं तसं बसलेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्र अजून जुनंच यंत्र काढतंय. कार्डाला कुणी काम सांगितलेलंच नाही."

"मग हे कार्ड इतके दिवस करतंय काय?"

"पंखे फिरवतंय. वीज खातंय."

"अगं मग घरचंच आहे की."

सून टेबलाखाली इतकी हसली की टेबल हललं आणि आतली मांजर बाहेर आली. मग तिने टोपण काढलं, वायर खाली लावली, पुन्हा चालू केलं. देठाने पान धरलं. वेल अशी सुळकन गेली, जशी कुणी पुढून ओढतंय. ती जोडत होती आणि मी पहाऱ्याला उभी. तेवढ्यात हे शर्ट आणि इस्त्री घेऊन निघाले.

"अहो, इस्त्री खाली ठेवा."

"का?"

"सुनेचं पान देठाला लागतंय."

ह्यांनी कचेरीत याहून न कळणारे हुकूम पाळलेत. चुरगळलेला शर्ट घालून निमूट बसले. नमुने दुपारच्या आत गेले. चहा उकळेपर्यंत कारखान्याचा निरोप आला, सोमवारपासून काम सुरू करा. सुनेने मला निरोप वाचून दाखवला, मग पुन्हा वाचला, मग मीच म्हटलं, आता मला पाठ झाला.

थोरल्याला यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं नव्हतं. कुणी सांगितलं नाही एवढंच.

इथे जे वाचणारे हसत असतील त्यांनी उठून आपापल्या घरातल्या नव्या वस्तूच्या मागे एकदा वाकून यावं. मी थांबते. (जे उठलेच नाहीत, त्यांना फरक सगळ्यात जास्त दिसतो, असा माझा अनुभव आहे.)

संध्याकाळी थोरला आला, हातपाय न धुता शर्यतीला बसला. गाडी पाण्यासारखी पळत होती. त्याच्या शर्यतीसाठी ते कार्ड आयुष्यात पहिल्यांदा काम करत होतं. सून दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. थोरल्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"आज जरा मंद वाटतोय," तो म्हणाला. "कार्डाच्या मानाने पडदा कमी पडतोय. तो बदलावा लागेल. तुला जाणवतंय ना, आई?"

"जाणवतंय रे बाबा," मी म्हटलं. "पण पडदा चांगलाय. बघणारा बदलून आण."