साडूच्या गल्लीतली खोट

"ताईच्या गल्लीत" हे दोन शब्द बायकोने उच्चारले की कारकुनाच्या पोटात दुखायला लागायचं. ताईच्या गल्लीत पाणी भरपूर. ताईच्या गल्लीत शांतता. आणि आता तर ताईच्या शेजारचंच घर रिकामं झालं होतं. साडूच्या भिंतीला भिंत लावून जन्म काढायचा? हे टाळायचं तर त्या गल्लीत एक तरी खोट सापडायला हवी होती.

राहणारे लोक आपल्या गल्लीला नावं ठेवत नाहीत. खरं काय ते तिथे काम करणारेच सांगतात, हे तो जाणून होता. त्याने गुपचूप रजा टाकली आणि थेट न्हाव्याची खुर्ची गाठली. काम दिल्याशिवाय कोण बोलणार?

"पाण्याचे हाल असतील ना इथे?"

"छे हो. मान खाली."

"मग चोऱ्या?" त्याने आशेने विचारलं.

"एक झाली होती. चोर दुसऱ्या दिवशी माफी मागून गेला. मिशी ठेवायची ना?"

इस्त्रीवाल्याला द्यायला अंगातला शर्टच होता. बनियनवर उभं राहून त्याने डासांची चौकशी केली. डास नव्हते. मोच्याकडे बूट चकचकीत होईपर्यंत त्याचा धीर खचला.

"निदान भटकं कुत्रं तरी?"

"आहे ना एक."

"चावतं?"

"दात कुठायत त्याला!"

फुलवालीने तर गुच्छ गळ्यात मारला आणि वर गल्लीचं कौतुकही ऐकवलं.

घरी दार उघडताच बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गुळगुळीत गाल, कडक शर्ट, बुटांत आरसा, हातात गुलाब.

"ऑफिसातून आलात?"

"हो."

"मी फोन केला होता. तुम्ही आज रजेवर आहात म्हणे. कोण आहे ती?"

"अगं, ताईच्या गल्लीत..."

"ताईच्या गल्लीत राहते?"

"घर बघायला गेलो होतो गं! तुझ्यासाठी!" त्याने गुच्छ पुढे केला. "एकही खोट नाही." दुर्दैवाने हे खरं होतं.

बायको विरघळली. तिने लगेच ताईला फोन लावला, गुलाबांसकट सगळं सांगितलं. परत आली ती हसतच.

"भाऊजी रुसून बसलेत. ताई त्यांना म्हणाली, बघा जरा, शिका काहीतरी! तर म्हणतात, त्याचं कौतुक माझ्या घरात नको."

कारकुनाची पोटदुखी जागच्या जागी थांबली.

"राहायला कधी जायचं?" त्याने विचारलं. "आणि मधली भिंत पातळ आहे ना?"